रिकाम्या हातांनी घरी जा

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): मी ३२ वर्षांचा असून परभणी जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातला आहे. २०१६ साली पदवी घेऊन राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आलो. २०१९ मध्ये पूर्व परीक्षा उत्तीर्ण झालो, तेव्हा नातेवाइकांनी गावच्या फाट्यावर ‘भावी उपजिल्हाधिकारी’ असा फलक लावला आणि तेव्हापासून गाव मला साहेब म्हणते. मुख्य परीक्षेत मी राहिलो. पुढे परीक्षा लांबत गेल्या, त्या काळात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका झेरॉक्स आणि बाइंडिंगच्या दुकानात कामाला लागलो आणि आजही तिथेच आहे. २०२३ नंतर मी परीक्षेला बसलेलो नाही, फक्त अर्ज भरतो. घरी हे कोणालाच ठाऊक नाही. अभ्यासिकेतल्या जागेचे पैसे मी अजून भरतो आणि खुर्चीवर दप्तर ठेवतो, म्हणजे गावाकडची मुले आली तर त्यांना ते दिसावे. आबा दर महिन्याला पाच हजार रुपये पाठवतात. गेली तीन वर्षे त्यातला एक रुपयाही मी खर्च केलेला नाही, ते वेगळ्या खात्यात पडून आहेत. धाकट्या भावाने डिप्लोमा सोडला, तो शेती बघतो. आता मामांनी माझ्यासाठी एक स्थळ आणले आहे आणि परिचयपत्रात ‘मुख्य परीक्षा उत्तीर्ण, मुलाखतीच्या प्रतीक्षेत’ असे लिहिले आहे. मला रात्र रात्र झोप लागत नाही. हा मुखवटा काढायचा आहे, पण तो काढल्यावर खाली मी कोण आहे हे मलाच माहीत नाही. म्हणून आधी काहीतरी बनतो आणि मग घरी सांगतो, असे ठरवले आहे. ते योग्य आहे का?

प्रिय वाचकमित्र,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. ‘आधी काहीतरी बनतो, मग सांगतो’ हा बेत योग्य नाही. २०१६ साली तुम्ही घरातून निघालात तेही काहीतरी बनून परतण्यासाठीच, आणि एखादे पद हातात असल्याशिवाय आपल्याला घरात पाऊल ठेवण्याचा अधिकार नाही, ही तेव्हाची समजूत आजही तुमच्या मनात तशीच बसलेली आहे. उपजिल्हाधिकारी होता आले नाही, तर निदान दुकानाचा मालक किंवा एखाद्या प्रकाशनसंस्थेतला मोठा माणूस होऊन जावे, असे तुम्हाला वाटते. त्यात फक्त पद बदलले, अट तीच राहिली. तुमचा मुखवटा या अटीतून आला आहे, म्हणून ती आधी मोडायला हवी, आणि ती मोडण्याचा एकच मार्ग मला दिसतो, तो म्हणजे दाखवण्यासारखे काहीही हातात नसताना घरी जाऊन खरे सांगणे.

हा मुखवटा तुम्ही एका दिवसात आणि कुणाला फसवायच्या हेतूने चढवलेला नाही. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशा तीन पायऱ्यांच्या या परीक्षेत काही लाख उमेदवार उतरतात आणि पदे असतात काही शे. बहुतेकांना कधी ना कधी थांबावेच लागते, पण ‘आता थांबा’ असे त्यांना कोणीही सांगत नाही. तुम्ही पुण्यात आलात त्याच वर्षी राज्य सरकारने खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली, मागास प्रवर्गांसाठी ती ४३ झाली. तो निर्णय असंख्य मुलांना दिलासा देणारा होता, पण त्याच निर्णयामुळे वाट पाहण्याचा काळही पाच वर्षांनी वाढला. नंतर करोना आला. एप्रिल २०२० मध्ये होणारी राज्यसेवेची पूर्व परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाऊन शेवटी २१ मार्च २०२१ रोजी झाली, आणि त्याआधी काही दिवस पुण्याच्या रस्त्यावर उतरलेल्या मुलांमध्ये तुमच्याबरोबर शिकणारेही असतील. पुढे मुख्य परीक्षेचे स्वरूप वर्णनात्मक करण्याचे ठरले, त्यावरही आंदोलन झाले आणि तो बदल २०२५ पर्यंत लांबला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ठरलेली पूर्व परीक्षा बँकांच्या परीक्षेची तारीख त्याच दिवशी आल्याने पुढे गेली आणि डिसेंबरात झाली. अशा काळात ‘तयारी करतोय’ हे उत्तर इतके सोयीचे आणि इतके सन्मानाचे होऊन बसते, की प्रत्यक्ष तयारी कोणत्या महिन्यात थांबली हे त्या मुलाच्याही लक्षात येत नाही. तुम्हीही नेमका दिवस लिहिलेला नाही, आणि तो तुम्हाला सांगता येणार नाही असे मला वाटते.

डोनाल्ड विनिकॉट या इंग्लिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९६० साली खऱ्या आणि खोट्या ‘स्व’विषयी एक निबंध लिहिला. त्यातले एक निरीक्षण मला तुमचे पत्र वाचताना सतत आठवत होते. माणूस खोटे रूप उभे करतो ते बहुधा खऱ्या रूपाचे रक्षण करण्यासाठी, कारण त्याला आत कुठेतरी वाटत असते की आपण जसे आहोत तसे समोर आलो तर टिकणार नाही. तुमच्या बाबतीत याचा पुरावा त्या बँकेच्या खात्यात आहे. आबांचे पैसे तुम्ही घेत राहिलात, कारण नाकारले असते तर प्रश्न विचारले गेले असते. पण खर्च केले नाहीत, कारण ते ज्या कामासाठी येत होते ते काम तुम्ही करत नव्हता. एक लाख ऐंशी हजार रुपये जवळ असताना तुम्ही आपल्या पगारात भागवले आणि खोलीचे भाडे देऊन वर अभ्यासिकेचेही पैसे भरले. ज्याला फसवायचेच आहे तो असे वागत नाही. मुखवट्याखाली मी कोण, असे तुम्ही विचारता. सगळे उत्तर मला देता येणार नाही, पण ज्याने ते खाते तीन वर्षे जपले तो माणूस तिथे आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

आता जे खोटे आहे तेवढेच खोटे म्हणा. मुखवटा काढण्याच्या भरात मागचे सगळेच नाकारण्याचा मोह होतो. मला कधी अधिकारी व्हायचेच नव्हते, ते सगळे घरच्यांनी लादले होते, अशी भाषा तोंडी येते आणि ऐकणाऱ्यालाही ती पटते. तुमच्या पत्रावरून मला तसे दिसत नाही. पहाटे उठून तुम्ही राज्यघटनेची कलमे पाठ करत होता, तो अभ्यास खरा होता, पूर्व परीक्षेतले यश खरे होते, आणि आपल्या तालुक्यात पाण्याचे काम करणारा अधिकारी व्हावे ही इच्छाही खरी होती. खोटे सुरू झाले ते नंतर. फलक उतरवायला तुम्ही सांगितले नाही, मुख्य परीक्षेचा निकाल मोघम सांगितला, २०२३ नंतर अर्जाच्या पावत्या घरी दाखवल्या आणि परिचयपत्रातली ती ओळ वाचून गप्प राहिलात. एवढ्याचीच जबाबदारी घ्यायची आहे. ती पुरेशी जड आहे, तिच्यावर आणखी ओझे घालू नका.

तुमच्या पत्राचे तिसरे पान मी पुन्हा पुन्हा वाचले. एका देवस्थानची वाळवीने खाल्लेली हिशेबाची वही तुमच्याकडे दुरुस्तीला आली, तिचे फर्मे सुटे करून तुम्ही ते पुन्हा दोऱ्याने शिवले, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला, जुना पुठ्ठा टाकून न देता त्यावरची शाईतली अक्षरे वाचवली आणि पाठीला नवे कापड लावले. हे लिहिताना तुम्ही कोणाचीही परवानगी मागितलेली नाही. बाकीच्या पत्रात जवळजवळ प्रत्येक वाक्याला ‘माफ करा’ची किनार आहे, या पानावर ती नाही. हे काम तुम्हाला मनापासून आवडते, यात मला शंका वाटत नाही. तरीही ‘मी मुळातला बांधणी कारागीर, हेच माझे खरे रूप’ अशी घोषणा आज करू नका. अधिकारीपद जसे तुम्ही स्वतःच्या किमतीचा दाखला मानले, तसाच दाखला उद्या कारागिरीकडून मागाल आणि दुकान बंद पडले किंवा मालकाने काढले तर पुन्हा उघड्यावर याल. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती महाराष्ट्रात रुजवली, आणि त्या विचारातला एक भाग तुमच्या फार उपयोगाचा आहे: माणसाने आपल्या कृतींचे मूल्यमापन जरूर करावे, पण त्यावरून आपल्या अख्ख्या अस्तित्वाला गुण देऊ नयेत. वही चांगली बांधली, परीक्षा उत्तीर्ण झालो नाही, घरी खोटे बोललो, ही तीन वेगवेगळी विधाने आहेत आणि तिन्ही खरी आहेत. त्यांची बेरीज करून ‘म्हणजे मी अमुक’ असे उत्तर काढण्याची गरज नाही.

यानंतर जे लिहिते आहे ते वाचायला कठीण जाईल, पण ते टाळले तर या सल्ल्याला अर्थ राहणार नाही. तुमचे पत्र मोठे आहे. आबांबद्दल त्यात पुष्कळ आहे, गावाबद्दल आहे, मामांबद्दल आहे. धाकट्या भावाबद्दल मात्र एकच वाक्य आहे: त्याने डिप्लोमा सोडला, तो शेती बघतो. डिप्लोमा का सोडला हे तुम्ही लिहिलेले नाही, तरी अंदाज करणे अवघड नाही. सोयाबीन आणि कापसावर चालणाऱ्या घरात एकाच वेळी दोन मुलांचा बाहेरगावचा खर्च झेपत नाही आणि अशा घरांत हा निर्णय कोणी बोलून घेत नाही, तो होऊन जातो. मोठा साहेब होणार म्हणून धाकटा थांबला. तुमची खोटी ओळख तुमच्या एकट्याची नव्हती, तिच्या आधारावर आणखी एका मुलाने स्वतःची ओळख ठरवली, ‘साहेबांचा भाऊ’ म्हणून तो त्या फलकाखालून रोज शेतात गेला. आबांना धक्का बसेल, आईला दुःख होईल, पण खरे नुकसान सोसले आहे ते भावाने, आणि तुमच्या पत्रातली शांतता मला सांगते की तुम्हाला हे आतून ठाऊक आहे.

म्हणून आबांशी बोलल्यावर भावाशी वेगळे बोला. घरातल्या सर्वांसमोर त्याच्याकडे माफी मागू नका, कारण सर्वांसमोर तो ‘जाऊ दे दादा’ असेच म्हणेल आणि त्याचे म्हणणे मनात राहील. त्याच्याबरोबर शेतावर जा, दिवसभर त्याच्या हाताखाली काम करा आणि मग विचारा की त्याचे काय राहून गेले. तो चिडला तर चिडू द्या. त्या खात्यातल्या पैशांवर माझ्या मते पहिला विचार त्याचा व्हावा. आबांना ते परत करताना तुम्ही तसे सुचवू शकता, मात्र निर्णय त्यांचा आणि भावाचा राहू द्या. त्याला अर्धवट राहिलेला डिप्लोमा पूर्ण करायचा असेल, ठिबकसाठी पैसे हवे असतील किंवा यातले काहीच नको असेल. तुम्ही त्याच्यासाठी योजना आखून नेऊ नका. घरातला हुशार मुलगा म्हणून सर्वांसाठी तुम्ही ठरवायचे, ही सवयही त्या साहेबपणाचाच भाग आहे.

क्रमाचे मात्र भान ठेवा. सर्वांत आधी, हे वाचून झाल्यावर त्याच दिवशी, मामांना फोन करा आणि स्थळाचे बोलणे थांबवायला सांगा. कारण विचारले तर ‘परिचयपत्रातली माहिती चुकीची आहे, मी दोन-चार दिवसांत घरी येऊन सगळे सांगतो, तोपर्यंत मुलीकडच्यांना पुढे नेऊ नका’ एवढे बोला. या एका गोष्टीत मी तुम्हाला मुदत देऊ शकत नाही. तुमच्या घरच्यांनी तुम्हाला वाढवले आहे, त्यांचा तुमच्यावर राग आणि माया दोन्ही असेल. त्या मुलीचा आणि तिच्या आईवडिलांचा या कशाशीच संबंध नाही. एक ओळ वाचून ते आपल्या लेकीच्या आयुष्याचा निर्णय घेऊ पाहत आहेत, आणि ती ओळ खोटी आहे. लग्न ठरल्यानंतर हे उघड झाले तर तुमची नाचक्की होईल ती होईल, पण मोडलेल्या लग्नाचा बोल आपल्याकडे अजूनही मुलीलाच लागतो. पुढे कधी लग्नाचा विचार कराल तेव्हा परिचयपत्रात दुकान, काम आणि पगार लिहा. तसे वाचून जी मुलगी भेटायला तयार होईल तिच्याशी बोलताना तुम्हाला काही लपवावे लागणार नाही.

आबांशी फोनवर बोलू नका, आणि मामांना किंवा एखाद्या गुरुजींना मध्ये घालू नका. घरी जा, रात्रीची जेवणे झाल्यावर आई आणि आबा दोघे असताना बसा, आणि वाक्ये साधी ठेवा. ‘आबा, मुख्य परीक्षा मी उत्तीर्ण झालेलो नाही. २०२३ पासून मी परीक्षेला बसलेलो नाही. मी एका बाइंडिंगच्या दुकानात काम करतो आणि त्यावर माझे भागते. तुम्ही पाठवलेले तीन वर्षांचे पैसे मी खर्चलेले नाहीत, हे पासबुक.’ एवढे सांगून थांबा. करोना, आंदोलने, अभ्यासक्रमातले बदल यांची कारणे त्या रात्री सांगू नका. ती खरी असली तरी त्या क्षणी ती ढाल वाटतील. स्वतःला दोष देत रडत बसू नका, कारण मग आपले दुःख बाजूला ठेवून आईला तुमची समजूत काढावी लागेल. आबा कदाचित ‘आता लोकांना काय तोंड दाखवू’ असे म्हणतील. त्या वाक्यावर चिडू नका. दहा वर्षे त्यांनी बाजारात, पारावर, सोयऱ्यांच्या लग्नात तुमचे नाव अभिमानाने घेतले आहे, आणि तो अभिमान काढून ठेवायला त्यांनाही वेळ लागणार आहे. कदाचित ते काहीच बोलणार नाहीत आणि पहाटे उठून शेताकडे जातील. तसे झाले तर दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी पकडू नका. खोटे बोललात ते दुरून, त्यामुळे खरे सांगितल्यानंतर तरी काही दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर राहणे तुमच्याकडून अपेक्षित आहे.

गावाचे फार मनावर घेऊ नका. पारावर उभे राहून कबुली देण्याची आवश्यकता नाही. कोणी साहेब म्हणून हाक मारली की ‘मी साहेब नाही, पुण्यात बाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे’ असे एकदा सरळ सांगा. काही जण टोमणे मारतील, त्यातल्या काहींची मुले आज त्याच अभ्यासिकांत बसलेली असतील आणि त्यांना तुमचे बोलणे तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. अभ्यासिकेतली जागा या महिन्याअखेर सोडा. पुस्तके रद्दीत घालण्याची मात्र घाई करू नका, त्यांचा काही अपराध नाही. तयारी करणाऱ्या एखाद्या होतकरू मुलाला ती द्याल तेव्हा द्याल.

परीक्षेला पुन्हा बसावे का, हेही तुम्ही मधेच एका ओळीत विचारले आहे. वयाने अजून दार बंद केलेले नाही. पण घरी सर्व सांगून झाल्याशिवाय पुढचा अर्ज भरू नका, कारण आज भरलेला अर्ज तुम्हाला बोलणे टाळायला आणखी एक निमित्त देईल. सांगून झाल्यावर, फलक नसताना आणि कोणी साहेब म्हणत नसताना, दुकान सांभाळून अभ्यास करावा असे सहा महिन्यांनीही वाटले, तर ती इच्छा तुमची आहे असे समजून जरूर बसा. वाटले नाही तर तेही कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

झोपेबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मी हलके घेत नाही. सांगण्याआधीचे दिवस आणि सांगितल्यानंतरची पहिली रात्र सर्वांत अवघड असते. जगणे नकोसे वाटण्याचा विचार कधीही मनात आला, तर एकटे राहू नका, जवळच्या माणसाला तसे स्पष्ट शब्दांत सांगा आणि केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. झोप पुढेही आली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

दुकानाच्या मालकांकडून आठ-दहा दिवसांची रजा आताच मागून ठेवा, आणि त्यांनाही कारण खरे सांगा. तुम्ही लिहिता की ते तुम्हाला आजही ‘परीक्षेपर्यंत थांबलेला मुलगा’ समजतात आणि म्हणून यंत्रावरचे कटाईचे काम शिकवत नाहीत. परत आल्यावर ते शिकवायला सांगा.